मेट्रनबाईंकडची सात ताटं

पिएदाद बाईंच्या स्वयंपाकघरात फळीवर स्टीलची सात ताटं उभी असत आणि त्यांतलं एकही त्यांचं नव्हतं. प्रत्येकावर नाव घातलेलं होतं. आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. एकावर 'चि. सुधाकर यास मुंजीप्रीत्यर्थ, आत्याकडून' असं होतं. एकावर 'कै. ति. दादांच्या स्मरणार्थ' होतं. आणि एकावर 'चि. सौ. कां. कुसुम हिस मामांकडून' होतं. हे शेवटचं आमच्या घरचं. कुसुम म्हणजे माझ्या सासूबाई. ते ताट तिथे मी नेऊन ठेवलं होतं.

या ताटांवरून जे झालं त्याला आता बरीच वर्षं झाली. वय वाढलं की राग निवतो असं सगळे सांगतात. माझा निवलेला नाही. तो कुणाकुणावर आहे हे मला नावानिशी माहीत आहे आणि त्या यादीत माझं नाव सगळ्यात वर आहे, म्हणून तो निवावा असं मला वाटतही नाही.

गंगापूर रोडला आमची बारा बिऱ्हाडांची सोसायटी. त्र्याण्णव साली आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये पिएदाद बाई भाड्यानं राहायला आल्या. मूळच्या गोव्याच्या, पण चाळीस वर्षं इकडेच, देवळालीकडच्या एका शाळेच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून काढलेल्या. लग्न केलेलं नव्हतं. त्यांचं नाव सोसायटीत कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून सगळे त्यांना मेट्रनबाई म्हणायचे. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा झगा, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. वसतिगृहाच्या किल्ल्या केव्हाच परत केल्या होत्या, पण जुडगा नसला तर चालताना तोल जातो असं त्या म्हणत. फ्लॅटला कुलूप एकच होतं. बाकीच्या किल्ल्या कशाच्या, कुणी विचारलं नाही.

चिडायच्या भयंकर. दूधवाल्यावर, पाणी सोडणाऱ्यावर, जिन्यात चपला काढणाऱ्यांवर. "कितें हें?" असं म्हणून सुरुवात व्हायची आणि मग मराठीत, हिंदीत, जी भाषा हाताला लागेल तिच्यात. पण एक होतं. चिडल्या की तोंडावर चिडायच्या. पाठीमागे त्यांनी कुणाबद्दल वाकडा शब्द काढलेला मी ऐकला नाही. आमच्याकडे नेमकी उलटी पद्धत.

दर रविवारी त्या मागच्या गॅलरीत कोळशाची शेगडी पेटवायच्या आणि तीवर कोंबडी भाजायच्या. पिरी-पिरी. त्यांचे वडील तरुणपणी मोझांबिकला बंदरावर कारकून होते. तिथले पोर्तुगीज लोक ही कोंबडी भाजायचे. वडील येताना दोन गोष्टी घेऊन आले, ही कोंबडी आणि तिला लागणाऱ्या मिरचीचं बी. नखाएवढी लाल मिरची, पण खाल्ली की कानात शिट्टी वाजते. तिचं झाड बाईंनी डालड्याच्या मोठ्या डब्यात लावलं होतं. नाशिकची थंडी त्याला सोसत नसे, म्हणून डिसेंबरात त्याला संध्याकाळी गोधडी गुंडाळायच्या आणि सकाळी उन्हं आली की काढायच्या.

आता माझं. माझं माहेर येवल्याचं. आमच्याकडे बुधवारी आणि रविवारी मटण असायचंच. लग्न होऊन आले ते माळकरी घरात. सासूबाईंच्या गळ्यात माळ, सासऱ्यांच्या गळ्यात माळ, घरात अंड्याचं टरफलसुद्धा येत नसे. मुलगी बघायला आले तेव्हा मला चहा येतो का, पोळ्या येतात का, सगळं विचारलं. मी काय खाते हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोन वर्षं काढली. मग शेजारी ही शेगडी पेटायला लागली आणि मी रविवारी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गॅलरीत उभी राहायला लागले. एकच टॉवेल तीनतीनदा झटकायचा.

चौथ्या रविवारी पलीकडून आवाज आला, "काय गो, नुसता वास घेतेस की जेवतेस?"

सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. मी गेले. आणि जाताना, कसलाही विचार न करता, रॅकवरून एक ताट काढून पदराखाली घेतलं. आपण परक्यांकडे, त्यातून असं काही खायला चाललोय, तर ताट आपलं असावं, एवढंच डोक्यात. बाईंनी दार उघडलं, ताट बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"तू पण?" त्या म्हणाल्या.

मी पण, कारण माझ्या आधी तिथे देशपांडे पोचले होते. देशपांडे म्हणजे आमचे चेअरमन. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. बदलीवर मडगावला तीन वर्षं काढताना त्यांना हे खाण्याची चटक लागली होती आणि घरात सोवळंओवळं. पहिल्याच रविवारी ते वर्तमानपत्रात गुंडाळून आपलं ताट घेऊन आले होते. "राग मानू नका बाई, दुसऱ्याच्या ताटात जेवायची सवय नाही," असं म्हणाले. पोटभर जेवले, हात धुतले आणि ताट तिथेच ठेवून निघाले. हे घरी कसं नेणार, बाटलं ना, म्हणाले.

बाई मला हे सांगताना ताडताड फेऱ्या मारत होत्या. "म्हणजे बघ हां. माझं ताट घाण, कारण ते माझं. त्याचं ताट आता घाण, कारण त्यात माझी कोंबडी. आणि पोट? पोट कुठे ठेवून जातो हा? पोट तर बरोबर घरी नेतो ना?"

मी हसले. हातात माझं ताट होतं आणि मी हसले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. त्यांनी ताट माझ्या हातातून घेतलं, त्यात वाढलं आणि मला स्टूलवर बसवलं. स्वतः निळ्या काठाच्या, कडेला टवका उडालेल्या चिनी मातीच्या बशीत जेवल्या. ती वडिलांची. मी सासूबाई यायच्या आत घरी आले, बडीशेप खाल्ली, पुन्हा दात घासले आणि ताट तिकडेच राहिलं. त्या आठवड्यात बाईंनी सुताराकडून एक फळी ठोकून घेतली.

बघता बघता सात ताटं झाली. सहा पुरुष आणि मी. त्यांत बागूल सर होते, सटाण्याकडचे. जन्मापासून खाणारे, पण बायकोनं अनुग्रह घेतला आणि घरात बंद झालं. पहिला घास घेऊन ते डोळे मिटून म्हणाले होते, "तिखट शे, पन झकास शे!" घरी ते शुद्ध बोलायचे. अहिराणी त्यांच्या तोंडून मी बाईंच्याच घरी ऐकली. कोंबडी हे लोक आळीपाळीनं आणून द्यायचे, बाकी सगळं बाईंचं.

रविवारी दुपारी एकला सहाजण दारात यायचे. आत शिरण्याआधी बाई म्हणायच्या, "हात." आणि हे बँकेचे अधिकारी, कॉलेजचे प्राध्यापक, एक निवृत्त इंजिनिअर, दोन्ही हात पुढे करून उभे राहायचे. बाई नखं बघायच्या. मग उलटे करायला लावायच्या. चाळीस वर्षं मुलांची नखं तपासली होती, ती सवय सुटत नव्हती. देशपांड्यांना एकदा त्यांनी परत पाठवलं होतं, नखात शाई होती म्हणून. आणि ते गेले. खाली जाऊन, हात घासून परत आले. सोसायटीच्या सभेत टेबलावर मूठ आपटणारा माणूस. भूक लागली की माणूस किती शहाण्यासारखं वागतो ते मी त्या दारात बघितलं. पोट भरल्यावर काय होतं तेही पुढे बघायला मिळालं.

मी रविवारी त्यांच्यात बसत नसे. माझी वेळ शनिवार दुपारची, मसाला वाटायच्या वेळेची. सासूबाई वामकुक्षी करायच्या आणि मी मागच्या दारानं पलीकडे. माझा वाटा बाई दुसऱ्या दिवशी बाजूला काढून ठेवायच्या.

मसाला पाट्यावरच. देशपांड्यांनी कौतुकानं मिक्सर आणून दिला होता, तो बाईंनी खोक्यासकट जिन्यात ठेवून दिला. "यंत्रानं मिरची तापते. मिरची तापायची ती तोंडात." झाडाच्या मिरच्या, जोडीला सुकी लवंगी, लसणाचे दोन आख्खे गड्डे, मिरी, मीठ, गुळाचा खडा, लिंबू, आणि द्राक्षांचा शिरका, म्हणजे घरचं व्हिनेगर. सुक्या मिरच्या शिरक्यातच भिजवायच्या. पहिल्या शनिवारी त्यांनी मला वरवंटा दिला आणि त्या कोंबडी साफ करायला गेल्या. मी वाटायला बसले. आपल्याकडे वाटण म्हटलं की पाण्याचा हात आलाच, आईनं तसंच शिकवलेलं. मी शेजारच्या वाटीतलं पाणी घेतलं आणि दोनदा शिंपडलं. बाई वळल्या, पाट्याकडे बघितलं, आणि सगळाच्या सगळा गोळा दोन्ही हातांनी उचलून मोरीत टाकला.

"पाणी! मसाल्यात पाणी! उद्यापर्यंत आंबून काय होईल ते? आता सुरुवातीपासून. मिरच्या तूच तोड."

माझे हात पुढचे दोन दिवस जळत होते. सासूबाईंना सांगितलं, तिखट कुटलं. पण त्यानंतर मसाल्यात पाणी कधी गेलं नाही.

कोंबडी त्या पाठीतून चिरून पुस्तकासारखी सपाट उघडायच्या, मांड्यांना हाडापर्यंत चिरा द्यायच्या आणि मसाला नुसता फासायच्या नाहीत, प्रत्येक चिरेत बोट घालून भरायच्या. मग पातेल्यात झाकून ठेवायच्या. तासातासानं झाकण काढून मांडीच्या चिरेत अंगठा दाबायच्या, अंगठ्याचा वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "नाही. अजून कळलं नाही तिला." रात्रभर ठेवूनसुद्धा रविवारी सकाळी एखादेवेळी मान हलवायच्या. "वरून लाल दिसते नुसती. आत काही कळलेलं नाही." तसं झालं तर एकाला येणारी माणसं तीनला जेवायची. घाई केलेली चालत नसे. कांद्याच्या पातीची जुडी मसाल्याच्या तेलात बुडवून तिनं वरून शिंपत, उलटत, शेगडीसमोर घामाघूम बसायच्या. ताटात आल्यावर पाणी मागायचं नाही. तिखट लागलं तर पाव खायचा. पाणी मागणाऱ्याला त्या वाढत नसत.

शिरक्यासाठी मात्र एप्रिलात त्या एसटीनं पिंपळगाव बसवंतला जायच्या. एकदा मी बरोबर गेले, माहेरी जाते म्हणून. द्राक्षांचे घड खोक्यांत भरतात तिथे सुटे, फुटके मणी बाजूला पडलेले असतात, ते त्या मागून घ्यायच्या. निवडायला बसलेली बाई म्हणाली, "लय आंबट हायेत बाई, काय करायचे? कुनी खात नाय हे."

"मला सडवायचेत," बाई म्हणाल्या.

मुकादम हसला. "दारू काढता का काय?"

बाईंनी त्याला असं झाडलं की तो दोन क्रेट स्वतः एसटीच्या टपावर चढवून गेला. घरी आल्यावर मणी चुरडून, फडक्यानं तोंड बांधून बरणीत. आधीच्या वर्षीचा शिरका थोडा खाली ठेवलेला असायचा, त्यावरच नवा. इतक्या वर्षांत ती बरणी एकदाही कोरडी झाली नाही असं त्या अभिमानानं सांगायच्या.

आता जे सांगते ते कुणी सांगत नाही, म्हणून नीट सांगते. बाईंच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं आणि त्यावर लाल पेन्सिलीनं खुणा होत्या. त्यांच्या सणांच्या नव्हेत, आमच्या. एकादशी, संकष्टी, आख्खा श्रावण, गणपतीचे दिवस, नवरात्र. त्या दिवशी शेगडी बंद. कुणी सांगितलं नव्हतं. राहायला आल्या तेव्हाच त्या बाकीच्या अकराही घरी जाऊन विचारून आल्या होत्या, तुम्हाला कुठल्या दिवशी चालणार नाही. रविवारी संकष्टी आली की देशपांडे कुरकुरायचे, "बाई, तुम्ही कशाला पाळता हो?" त्या म्हणायच्या, "तुमची बायको पाळते."

माझे सासरे गेले तेव्हा तेरा दिवस बाईंच्या घरातून फोडणीचासुद्धा वास आला नाही. मधल्या रविवारी सहाजण सवयीनं येऊन उभे राहिले, तर त्यांनी दार अर्धवट उघडून सांगितलं, "शेजारी माणूस गेलंय. लाज नाही?" आणि दार लावून घेतलं. मी आतून ऐकलं. तेराव्याला त्या पांढरी साडी नेसून आल्या, दारातच बसल्या. सासूबाईंनी त्यांना चहा दिला, काचेच्या पेल्यातून. तो पेला नंतर बाहेर ठेवला.

अशी दहा वर्षं गेली. मग देशपांड्यांच्या मुलीचं ठरवायला मंडळी आली.

रविवार होता. पुण्याची पार्टी, मोठं घराणं. बैठक अकराची होती, पण ते उशिरा आले, साडेबाराला, आणि बाईंची शेगडी नेहमीच्या वेळेला पेटलेली. मुलाच्या आईनं नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "इथे असलं चालतं?" देशपांडे म्हणाले, "छे छे! भाडेकरू आहेत. आम्ही त्यांना काढायच्याच मार्गावर आहोत." तोंडातून गेलं. लग्न ठरलं. मग गेलेला शब्द खरा करणं आलं, कारण मंडळी पुन्हा येणार होती. देशपांड्यांना बाईंकडे जाऊन एवढंच सांगता आलं असतं, की येत्या रविवारी शेगडी नको. बाईंनी कॅलेंडरवर खूण केली असती आणि विषय संपला असता. पण मग 'त्यांना सांगायला तुम्ही कसे काय जाता' हे घरी सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा ठराव सोपा.

सभा पार्किंगमध्ये झाली. यजमान पाळीवर होते, म्हणून सासूबाई आणि मी गेलो. बाईंना बोलावणं नव्हतं, भाडेकरूला सभेचा हक्क नसतो. देशपांड्यांनी घरमालकाला लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. 'उग्र वासामुळे सभासदांना असह्य त्रास होत असून सर्वांच्या धार्मिक भावना दुखावत आहेत, तरी सदर भाडेकराराचे नूतनीकरण करू नये.' असह्य त्रास. मी त्या सहाजणांकडे एकेक करून बघितलं. बागूल सर बुटाची लेस बांधत होते. सुटलेली नव्हती.

कागद फिरत आला. सासूबाई म्हणाल्या, "माझा चष्मा वर राहिला. तूच कर गं सही." मी म्हणू शकले असते की मी करणार नाही. का, असं विचारलं असतं तर सांगता आलं असतं, की माझे सासरे गेले तेव्हा शेजारी तेरा दिवस चूल नीट पेटली नाही. हे सांगायला मांसाहार कबूल करायची काही गरज नव्हती. तरी मी सही केली. स्वच्छ, पूर्ण नावानं. पेन पुढे दिलं.

पुढच्या रविवारी देशपांड्यांनी त्या पत्राची प्रत, सह्यांसकट, नोटीस बोर्डावर लावली. नियम म्हणे. बाई चर्चमधून परत येताना तिथे थांबल्या. मी गॅलरीतून बघत होते. चष्मा वर करून, कागदाला नाक लावून त्यांनी पत्र वाचलं. मग सह्या वाचल्या. एकेका सहीवर अंगठा ठेवत खाली खाली येत होत्या, आणि एका ठिकाणी अंगठा बराच वेळ तसाच राहिला. माझी सही कितवी होती हे मला माहीत होतं.

वर आल्या. मी ओरडण्याची वाट बघत होते. मला वाटत होतं त्यांनी जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडावं, म्हणजे सुटले. पण पलीकडून नळाचा आवाज येत राहिला. त्या भांडी घासत होत्या. कोंबडी आदल्या दिवशीपासून मसाल्यात होती, शेगडी पेटली नाही.

बरोबर एकला त्या बाहेर पडल्या. हातात सातही ताटं, एकावर एक. सहाजणांपैकी कुणी त्या दिवशी आलेलं नव्हतं. त्या खाली पहिल्या मजल्यावर गेल्या आणि देशपांड्यांची बेल वाजवली. मी जिन्याच्या कठड्यापाशी आले. दार देशपांडेवहिनींनी उघडलं.

"ताई, हे तुमचं ताट."

'कै. ति. दादांच्या स्मरणार्थ'. वहिनींनी ते नाव दोनदा वाचलेलं मला वरून दिसलं. आतून देशपांड्यांचा आवाज आला, कोण आहे गं? वहिनींनी ताट उलटं करून बघितलं. "हे तुमच्याकडे..." एवढंच म्हणाल्या, आणि मग त्यांना सगळं समजलं असावं, कारण त्यांनी बाईंना हात जोडले आणि दार लावून घेतलं. लगेच आत काहीतरी जोरात आदळलं.

दुसरं दार, तिसरं दार. बाई फक्त घरातल्या बाईच्या हातात ताट देत होत्या. पुरुष दारात आला तर म्हणायच्या, "बायकोला बोलवा." आणि दर वेळी तेच वाक्य, हे तुमचं ताट, धुतलंय. बागूल सरांच्या बायकोनं ते हातात घेतलंच नाही, बोटानं जमिनीकडे दाखवलं. बाईंनी ते उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि पुढे झाल्या. ज्यांनी आयुष्यभर भांड्यांवर नावं घालून घेतली, त्यांना आपलं नाव आपल्याआधी घरी पोचेल असं कधी वाटलं नव्हतं.

सगळी इमारत फिरून त्या वर यायला लागल्या तेव्हा हातात एकच ताट उरलं होतं. मी पळत घरात आले. बेल वाजली. सासूबाईंनी दार उघडलं. मी त्यांच्या मागे.

"तुमचं ताट," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी चष्मा लावला. "अगंबाई! हे तर माझ्या लग्नातलं!" त्यांच्या लग्नातला सहा ताटांचा सेट. दर दिवाळीत त्या पाचच मोजायच्या, सहाव्यासाठी माळ्यापासून पलंगाखालपर्यंत शोधायच्या, आणि त्यांच्याबरोबर बॅटरी धरून मी शोधायचे. दहा दिवाळ्या. "हे तुमच्याकडे कसं आलं?"

बाईंनी चष्मा वर केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाकी सहा दारांत त्या एक क्षण थांबल्या नव्हत्या. इथे थांबल्या. मला वेळ दिला.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "कसं गं गेलं हे यांच्याकडे?"

"काय माहीत," मी म्हणाले.

बाईंनी मान हलवली. रविवारी सकाळी पातेल्याचं झाकण काढून हलवायच्या, तशीच. आणि गेल्या. सासूबाई दार लावता लावता म्हणाल्या, "बघितलंस? उचलून नेलं होतं. बरं तर बरं, जाताना तरी परत दिलं." मी गप्प बसले. ते त्यांनी पुढे चार घरी सांगितलं, तेव्हाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावरचा कागद नव्हता. कुणी काढला कुणी विचारलं नाही. सहा घरांत काय काय झालं असेल ते भिंतींना माहीत, एकाही घरातून शब्द बाहेर आला नाही. दोन दिवसांनी देशपांडे वर आले आणि बंद दारासमोर उभं राहून म्हणाले, "बाई, तसं काही नाही, आपण बसून बोलू. पत्र मागे घेतलंय." आतून आवाज आला, "हात धुऊन या." ते खाली गेले.

बाईंना राहता आलं असतं. त्या राहिल्या नाहीत. महिनाअखेरीला टेम्पो आला. नाशिकरोडला, स्टेशनच्या अलीकडे, एक खोली आणि पुढे चार हात अंगण मिळालं होतं. सामान ते किती! कॉट, पाटा, शेगडी, निळ्या काठाची बशी झग्यात गुंडाळलेली. इमारतीतलं कुणी खाली आलं नाही. मी दूध आणायला म्हणून उतरले.

त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, पायांत मिरचीचा डबा आणि मांडीवर शिरक्याची बरणी. मी खिडकीशी गेले. म्हणाले, "बाई, माझं चुकलं."

"हात," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी चष्मा वर करून नखं बघितली, मग हात उलटे केले आणि डाव्या हाताच्या तळव्यावर त्यांचा अंगठा दाबला. मिरचीचा वास त्या अंगठ्याला कायमचा होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून कळलं नाही तुला." आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. टेम्पो वळला तेव्हा त्या बरणीचं फडकं घट्ट करत होत्या. त्यांनी मागे बघितलं नाही.

त्या दिवाळीत सासूबाईंनी सेट मोजला, सहा भरले. लक्ष्मीपूजनाचा नैवेद्य त्यांनी कौतुकानं त्याच ताटात वाढला, ज्यात मी दहा वर्षं कोंबडी खाल्ली होती. मी उदबत्ती लावली. अजूनही दर दिवाळीला तेच ताट निघतं, दर वेळी त्या चोरीची गोष्ट कुणाला तरी सांगतात, आणि दर वेळी मी उदबत्ती लावते. देशपांडे आता जावयाला घेऊन द्राक्षांच्या मळ्यावर वाइन प्यायला जातात, सोबत काय खाल्लं ते जिन्यात मोठ्यानं सांगतात.

नाशिकरोडला जाणारी बस आमच्याच कोपऱ्यावर थांबते. पाऊण तास लागतो.